विश्लेषण : फरारी वास्तुविशारदाचे ऑपेरागृह ड्रेस्डेनने पुन्हा पुन्हा का उभारले?

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात एल्बे नदीकाठी उभे असलेले ‘झेम्परऑपर’ हे ऑपेरागृह आज जगभरातील संगीतप्रेमींना परिचित आहे. मात्र, ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या गॉटफ्रीड झेम्पर यांना याच शहरातून अटक टाळण्यासाठी पळून जावे लागले होते. राजासाठी नाट्यगृह बांधणारा हा प्राध्यापक राजाच्याच सैन्याविरुद्ध रस्त्यावर उतरला होता. पुढे नाट्यगृह जळाले, तेव्हा ते पुन्हा झेम्पर यांनीच बांधावे असा आग्रह शहरवासीयांनी धरला. दुसऱ्या महायुद्धात ते उद्ध्वस्त झाल्यानंतरही ते तसेच्या तसे उभारले गेले. एकोणिसाव्या शतकातील या वास्तुविशारदाचे आयुष्य आणि विचार काय होते, आणि त्यांच्या एका इमारतीला मिळालेले भाग्य दुसरीला का मिळाले नाही, याविषयी.

गॉटफ्रीड झेम्पर कोण होते?

झेम्पर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी हॅम्बुर्गमध्ये एका सधन कुटुंबात झाला. गटिंगेन विद्यापीठात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. वास्तुकलेकडे ते नंतर वळले. एका द्वंद्वयुद्धाच्या प्रकरणानंतर १८२६ मध्ये त्यांनी पॅरिस गाठले आणि तिथे फ्रान्झ ख्रिस्तियान गाऊ या वास्तुविशारदाच्या हाताखाली धडे गिरवले. १८३० मधील जुलै क्रांती त्यांनी पॅरिसमध्येच पाहिली. त्याच वर्षी ते इटली आणि ग्रीसच्या दौऱ्यावर निघाले. प्राचीन अवशेषांची मापे घेत, रेखाटने करत त्यांनी सुमारे तीन वर्षे प्रवास केला.

या प्रवासातून त्यांनी एका वादात उडी घेतली. ग्रीक मंदिरे आणि पुतळे म्हणजे शुभ्र संगमरवर, अशी तेव्हा युरोपातील सुशिक्षितांची ठाम समजूत होती. झेम्पर यांना मात्र अथेन्समधील मंदिरांवर रंगांच्या खुणा आढळल्या. ही मंदिरे मुळात रंगवलेली होती, अशी मांडणी करणारी पुस्तिका त्यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रीक वास्तू रंगवलेल्या होत्या हे आज सर्वमान्य आहे. तेव्हा ते अनेकांना रुचणारे नव्हते. त्याच वर्षी गाऊ यांच्या शिफारशीने झेम्पर यांची ड्रेस्डेनच्या राजेशाही कला अकादमीत वास्तुकलेचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. तेव्हा ते जेमतेम तिशीत होते.

ड्रेस्डेनमध्ये त्यांनी काय उभारले?

ड्रेस्डेन ही सॅक्सनी राज्याची राजधानी होती. पुढील पंधरा वर्षांत झेम्पर यांनी तिचा चेहरामोहरा बदलला. त्यांच्या तीन वास्तू विशेष महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली म्हणजे राजदरबाराचे नाट्यगृह. १८३८ मध्ये काम सुरू झाले आणि १२ एप्रिल १८४१ रोजी ते खुले झाले. तोवर बहुतेक नाट्यगृहे बाहेरून एखाद्या महालासारखी किंवा मंदिरासारखी दिसत. आत रंगमंच कुठे आणि प्रेक्षक कुठे, याचा बाहेरून पत्ता लागत नसे. झेम्पर यांनी प्रेक्षागृहाची अर्धवर्तुळाकार रचना बाहेरच्या दर्शनी भागातही दाखवली. शेकडो माणसे एकत्र बसून नाटक पाहतात ती ही जागा, हे चौकातून जाणाऱ्यालाही समजावे अशी ती वास्तू होती. रिचर्ड वॅग्नर यांच्या ‘रिएन्झी’ (१८४२), ‘द फ्लाइंग डचमन’ (१८४३) आणि ‘टॅनहॉयझर’ (१८४५) या तीन ऑपेरांचे पहिले प्रयोग याच नाट्यगृहात झाले. वॅग्नर १८४३ पासून तिथेच राजदरबाराचे संगीत संचालक होते. त्यांची आणि झेम्पर यांची ओळख इथलीच.

दुसरी वास्तू म्हणजे ज्यू समाजासाठी बांधलेले सिनेगॉग, म्हणजेच त्यांचे प्रार्थनास्थळ. मे १८४० मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याची बाहेरील रचना मध्ययुगीन युरोपीय धाटणीची होती, तर आतील सजावट पौर्वात्य वळणाची. तिसरी वास्तू म्हणजे राजघराण्याच्या चित्रसंग्रहासाठीची कलादीर्घा. ‘त्स्विंगर’ या अठराव्या शतकातील राजवाडा संकुलाची एल्बे नदीकडची बाजू मोकळी राहिली होती. तिथे १८४७ मध्ये या दीर्घेचे काम सुरू झाले. राफाएलचे जगप्रसिद्ध ‘सिस्टिन मॅडोना’ हे चित्र आज याच इमारतीत आहे. पण दीर्घा पूर्ण होताना पाहणे झेम्पर यांच्या नशिबी नव्हते. १८५४ मध्ये ती इतरांनी पूर्ण केली.

मे १८४९ मध्ये नेमके काय घडले?

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे वाहत होते. तेव्हा जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते, तर अनेक लहानमोठ्या राज्यांचा समूह होता. फ्रँकफर्टमध्ये निवडून आलेल्या प्रतिनिधींनी मार्च १८४९ मध्ये संपूर्ण जर्मनीसाठी राज्यघटना मंजूर केली. सॅक्सनीचा राजा दुसरा फ्रेडरिक ऑगस्ट याने ती स्वीकारण्यास नकार दिला आणि राज्याचे विधिमंडळ बरखास्त केले. ३ मे रोजी ड्रेस्डेनमध्ये उठावाला तोंड फुटले. राजा शहर सोडून क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात गेला आणि शहरात हंगामी सरकार स्थापन झाले.

झेम्पर नागरी रक्षक दलात होते आणि लोकशाहीवादी विचारांचे होते. रस्त्यांवर घाईघाईने रचलेले अडथळे सैन्यापुढे टिकणार नाहीत, हे त्यांच्या सरावलेल्या नजरेने हेरले. मोक्याच्या विल्सड्रुफर रस्त्यावरील अडथळा त्यांच्या देखरेखीखाली बांधकामाच्या शिस्तीने भक्कम करण्यात आला. वॅग्नर आणि रशियन क्रांतिकारक मिखाइल बाकुनिन हेही या उठावात सामील होते. राजाच्या मदतीला प्रशियाचे सैन्य आले. ९ मेपर्यंत उठाव चिरडला गेला.

बाकुनिन पकडले गेले; वॅग्नर आणि झेम्पर निसटले. झेम्पर यांच्या नावे अटकेचे फर्मान निघाले. पत्नी आणि सहा मुले मागे ठेवून पंचेचाळीस वर्षांचा हा प्राध्यापक परागंदा झाला. नोकरी गेली, अर्धवट कामे दुसऱ्यांच्या हाती गेली. हे फर्मान १८६३ पर्यंत, म्हणजे तब्बल १४ वर्षे कायम होते.

लंडनच्या वास्तव्याने काय बदलले?

झेम्पर प्रथम पॅरिसला गेले. तिथे काम मिळेना, म्हणून अमेरिकेला जाण्याच्या बेतात असतानाच लंडनमध्ये काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली आणि १८५० मध्ये ते तिकडे वळले. तिथेही इमारत बांधण्याचे मोठे काम त्यांना मिळाले नाही. १८५१ मध्ये हाइड पार्कमधील ‘क्रिस्टल पॅलेस’ या काच आणि लोखंडाच्या प्रचंड मंडपात जागतिक प्रदर्शन भरले. सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिले. त्यात कॅनडा, तुर्कस्तान, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या दालनांची मांडणी झेम्पर यांनी केली. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या अंत्ययात्रेसाठीच्या भव्य रथाच्या आराखड्यातही त्यांचा वाटा होता. त्याच वर्षापासून हेन्री कोल यांच्या सरकारी कला विभागात ते शिकवू लागले.

इमारती बांधता येत नव्हत्या, त्या काळात त्यांनी वास्तू म्हणजे काय यावर विचार केला. प्रदर्शनात त्रिनिदादमधील एक साधी झोपडी मांडलेली होती. जमिनीवर ओटा, त्यावर चूल, वर खांबांवर पेललेले छप्पर आणि भोवती विणलेल्या चटयांचा आडोसा. झेम्पर यांच्या मनात आकार घेत असलेल्या मांडणीचा जणू पुरावाच त्यांना मिळाला.

याच प्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने पाठवलेल्या वस्तूंचे भारतीय दालनही होते. कोहिनूर पाहायला गर्दी लोटत होती. पण कलेच्या जाणकारांचे लक्ष भारतीय कापडाकडे गेले. यंत्रांच्या बळावर काहीही बनवू शकणाऱ्या युरोपला नक्षी आणि रंगांची ही जाण राहिलेली नाही, असे झेम्पर यांचे मत झाले. १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विज्ञान, उद्योग आणि कला’ या अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तिकेत त्यांनी हा विचार मांडला. त्यांची दृष्टीही त्या काळातील युरोपीय श्रेष्ठत्वाच्या कल्पनेपासून मुक्त नव्हती. युरोपबाहेरच्या समाजांना ते अर्धसंस्कृतच मानत. त्याच दशकांत इंग्लंडमधील गिरण्यांचे कापड भारतीय विणकरांचा बाजार हिरावून घेत होते, ही या कौतुकामागची दुसरी बाजू.

‘भिंत म्हणजे कापड’ हा सिद्धांत काय आहे?

१८५१ मध्ये झेम्पर यांचे ‘वास्तुकलेची चार मूलतत्त्वे’ या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक आले. चूल, ओटा, छप्पर आणि आडोसा ही ती चार तत्त्वे. यात पहिला मान चुलीचा. माणसे आगीभोवती एकत्र आली, तिथे कुटुंब, समाज आणि धर्म यांची सुरुवात झाली. बाकीची तीन तत्त्वे या आगीच्या रक्षणासाठी आली. ओलीपासून वाचवायला ओटा, पावसापासून छप्पर, वाऱ्यापासून आडोसा. प्रत्येक तत्त्वाशी एकेक कसब जोडलेले. चुलीशी कुंभारकाम आणि पुढे धातुकाम, ओट्याशी गवंडीकाम, छपराशी सुतारकाम आणि आडोशाशी विणकाम.

यातील शेवटची जोडी सर्वांत धक्कादायक होती. भिंत म्हटले की दगड-विटा डोळ्यांसमोर येतात. झेम्पर यांचे म्हणणे असे, की भिंतीचा जन्म फांद्या गुंफून केलेल्या कुंपणात आणि विणलेल्या चटईत आहे. चटईमागचा दगड केवळ आधारासाठी किंवा संरक्षणासाठी आला. जर्मन भाषेत भिंतीला ‘वांड’ म्हणतात आणि वस्त्राला ‘गेवांड’; या शब्दांच्या नात्याकडेही त्यांनी लक्ष वेधले. आपल्याकडील कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावरचे सारवण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना पटकन समजेल. कुड छप्पर पेलत नाही. ते काम मेढींचे. तो जागेला आत आणि बाहेर असे अर्थ देतो.

याचा अर्थ, वास्तूचे मर्म केवळ भार पेलण्याच्या तंत्रात नाही. माणसांनी एकत्र येण्यासाठी केलेली जागा आणि त्या जागेला चढवलेले वस्त्र यात ते आहे. रंगवलेल्या ग्रीक मंदिरांचा जुना मुद्दाही इथे येऊन मिळाला. रंग हे दगडाचे वस्त्रच होते. पुढे १८६० आणि १८६३ मध्ये ‘शैली’ या विषयावरील त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड प्रसिद्ध झाले. त्यातील पहिला संपूर्ण खंड वस्त्रकलेला वाहिलेला आहे. नियोजित तिसरा खंड मात्र आलाच नाही.

झुरिक आणि व्हिएन्नातील कारकीर्द कशी होती?

१८५५ मध्ये झुरिकमध्ये तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज ती ‘ईटीएच’ या नावाने ओळखली जाते. तिथे झेम्पर वास्तुकलेचे पहिले प्राध्यापक झाले. यासाठी झुरिकमध्येच आश्रय घेतलेल्या वॅग्नर यांनीही शब्द टाकला होता. संस्थेची मुख्य इमारत आणि वेधशाळा झेम्पर यांनी बांधली. जवळच्या विंटरटूर शहराचे नगरभवनही त्यांचेच.

बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने वॅग्नर यांच्या ऑपेरांसाठी म्युनिकमध्ये भव्य नाट्यगृह बांधायचे ठरवले आणि झेम्पर यांच्याकडून आराखडे करून घेतले. ते कागदावरच राहिले. पण १८७६ मध्ये बायरॉइट येथे वॅग्नर यांचे स्वतःचे नाट्यगृह सुरू झाले, तेव्हा रंगमंचापुढे खोलगट जागेत दडवलेला वाद्यवृंद आणि दुहेरी दर्शनी चौकट या म्युनिकच्या आराखड्यातील कल्पना तिथे प्रत्यक्षात आल्या.

ऑस्ट्रियाचे सम्राट फ्रान्झ जोसेफ यांच्या निमंत्रणावरून १८७१ मध्ये झेम्पर व्हिएन्नाला गेले. राजवाड्याचा विस्तार, समोरासमोरची दोन मोठी संग्रहालये आणि बुर्गथिएटर हे नाट्यगृह अशी ही महायोजना होती. सोबत कार्ल फॉन हाझेनाउअर हे स्थानिक वास्तुविशारद होते. दोघांचे पटले नाही आणि १८७६ मध्ये झेम्पर कामातून बाजूला झाले. दोन्ही संग्रहालये आणि बुर्गथिएटर त्यांच्या मृत्यूनंतर खुले झाले. १५ मे १८७९ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले आणि तेथील प्रोटेस्टंट दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

ड्रेस्डेनने त्यांना परत का बोलावले?

२१ सप्टेंबर १८६९ रोजी दुरुस्तीचे काम करणाऱ्या कामगारांच्या निष्काळजीपणामुळे ड्रेस्डेनचे नाट्यगृह जळून खाक झाले. शहराने काही आठवड्यांतच लाकडी फळ्यांचे तात्पुरते नाट्यगृह उभारून प्रयोग सुरू ठेवले. नवे कायमस्वरूपी नाट्यगृह कोणी बांधायचे, यावर मात्र नागरिकांनी झेम्पर यांचे नाव लावून धरले. ज्याच्या भावाच्या राजवटीविरुद्ध झेम्पर लढले होते, त्या राजा योहानने हे काम अखेर त्यांच्याकडेच सोपवले.

झेम्पर यांनी जुना आराखडा पुन्हा वापरला नाही. नवे नाट्यगृह अधिक भव्य केले आणि चौकात थोडे मागे सरकवले. ते स्वतः दूर व्हिएन्नात होते. जागेवरचे काम त्यांचा मुलगा मॅनफ्रेड याने पाहिले. वडिलांनी पाठवलेले आराखडे मुलाने उभे केले आणि २ फेब्रुवारी १८७८ रोजी नाट्यगृह खुले झाले. आतील लाकडी वाटणारे अनेक तक्ते प्रत्यक्षात रंगवलेला गिलावा आहेत आणि संगमरवरी वाटणारे खांब घोटीव गिलाव्याचे. पाहणाऱ्याला ही फसवणूक वाटू शकते. झेम्पर यांच्या सिद्धांतानुसार ते भिंतीला नेसवलेले वस्त्र आहे. रिचर्ड स्ट्राउस यांच्या ‘सालोमे’ (१९०५), ‘इलेक्ट्रा’ (१९०९) आणि ‘डेर रोझेनकावालिअर’ (१९११) या ऑपेरांचे पहिले प्रयोग इथेच झाले.

महायुद्धानंतर काय झाले?

३१ ऑगस्ट १९४४ रोजी वेबर यांच्या ‘डेर फ्रायशुत्स’ या ऑपेराचा प्रयोग झाला आणि युद्धामुळे नाट्यगृह बंद करण्यात आले. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात ड्रेस्डेनचा मध्यभाग बेचिराख झाला. नाट्यगृहाच्या केवळ बाहेरील भिंती उभ्या राहिल्या. पुढे हे शहर साम्यवादी पूर्व जर्मनीत गेले. १९७७ मध्ये पुनर्बांधणीची कोनशिला बसली आणि १८७८ चीच वास्तू पुन्हा उभारण्यात आली. रंगवलेल्या गिलाव्याचे जवळपास विस्मरणात गेलेले कसब त्यासाठी कारागिरांना नव्याने आत्मसात करावे लागले. १३ फेब्रुवारी १९८५ रोजी, बॉम्बहल्ल्याला बरोबर ४० वर्षे पूर्ण होताना, नाट्यगृह पुन्हा उघडले. प्रयोग होता ‘डेर फ्रायशुत्स’चाच. पडदा पडला होता तिथूनच तो पुन्हा वर गेला.

आजच्या वास्तुकलेत झेम्पर कुठे आहेत?

व्हिएन्नाचे वास्तुविशारद ओटो वॅग्नर आणि अडोल्फ लोस यांनी झेम्पर यांच्या विचारांशी आयुष्यभर संवाद आणि वाद केला. इमारतीच्या आच्छादनाच्या तत्त्वावर लोस यांनी १८९८ मध्ये लिहिलेला निबंध थेट झेम्पर यांच्या मांडणीवर उभा आहे. आज शहराशहरांत दिसणाऱ्या काचेच्या इमारतींची बाहेरची काच कसलाही भार पेलत नाही. तो सांगाड्यावर टांगलेला पडदा असतो आणि बांधकाम व्यवसायात त्याला ‘कर्टन वॉल’ असेच म्हणतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी झोपडीच्या चटईत झेम्पर यांनी जे पाहिले, तेच काचेत उतरले आहे.

सिनेगॉगचे काय झाले?

झेम्पर यांनी बांधलेले सिनेगॉग महायुद्धात पडले नाही. ते त्याआधीच नष्ट झाले होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींनी जर्मनीभर सिनेगॉग जाळली, त्यात ड्रेस्डेनचेही होते. त्यानंतर त्याचे अवशेषही हटवण्यात आले. आल्फ्रेड नॉयगेबाउअर या अग्निशमन जवानाने मनोऱ्यावरील दाविदाचा तारा वाचवला, युद्ध संपेपर्यंत लपवून ठेवला आणि नंतर ज्यू समाजाच्या हवाली केला.

ऑपेरागृह पुन्हा उभारण्याची मागणी करणारे शहर शिल्लक होते. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना देशोधडीला लावले गेले किंवा ठार मारले गेले. म्हणूनच एकाच वास्तुविशारदाच्या दोन वास्तूंचे भवितव्य इतके वेगळे ठरले. नवे सिनेगॉग ९ नोव्हेंबर २००१ रोजी, त्या रात्रीच्या ६३ व्या स्मृतिदिनी खुले झाले. ते झेम्पर यांच्या वास्तूची प्रतिकृती नाही. जुने सिनेगॉग जिथे होते, ती जागा अंगणात मोकळी राखली आहे. शेजारी दगडी ठोकळ्यांची, थरागणिक पूर्वेकडे किंचित वळत जाणारी नवी वास्तू आहे आणि तिच्या आत प्रार्थनेच्या जागेभोवती धातूच्या जाळीचा पडदा तंबूसारखा टांगलेला आहे. प्रवेशद्वारावर झेम्पर यांच्या सिनेगॉगचा वाचलेला तारा बसवलेला आहे.